पहिली सुरी पातळ करा

हाताने सुऱ्या घडवण्याचा नाद लागला की डोक्यात आधी जे चित्र उभं राहतं ते सहसा सुरीचं नसतं. ते असतं जाडजूड पात्याच्या शिकारी चाकूचं, नाहीतर लाटांची नक्षी उमटलेल्या दमास्कस पोलादाचं. दसरा जवळ आला असेल तर थेट तलवारीचं. व्हिडिओत हे सगळं अर्ध्या तासात पार पडतं आणि शेवटी कोणीतरी नारळाची दोन शकलं करून दाखवतो. नारळ कोयत्यानेही फुटतो आणि दगडानेही. पात्याची खरी परीक्षा पिकलेल्या टोमॅटोवर होते.

म्हणून पहिली वस्तू स्वयंपाकघरातली करा. पातं १२-१३ सेंटिमीटर लांब, जेमतेम ३ सेंटिमीटर रुंद आणि पाठीकडे २ ते २.५ मिलिमीटर जाड. एवढी सुरी रोज हातात येते, रोज कांदा-मिरची कापते आणि आपण कुठे चुकलो ते आठवडाभरात सांगते. कपाटात ठेवलेला शिकारी चाकू वर्षानुवर्षं काहीच सांगत नाही. नवशिक्याची सुरी हमखास जाड होते, कारण पोलाद घासून कमी करायला जीव धजत नाही. जाड पातं गाजर कापत नाही, फोडतं. अर्ध्यात गेलं की कट्कन आवाज येतो आणि चकतीचे दोन तुकडे होतात. धार कितीही तिखट असली तरी धारेमागचं पोलाद जाड असेल तर हाताला जोर लावावाच लागतो.

छोट्या सुरीचा आणखी एक फायदा आहे, तो कायद्याचा. १९५९चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालचे नियम यांच्या यादीत तलवार, खंजीर, भाला ही हत्यारं येतातच. शिवाय ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारंही येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. भाजी चिरायची सुरी या सवलतीत सहज बसते. दोन्ही बाजूंनी धार असलेला खंजीर मात्र लांबीने लहान असला तरी खंजीरच, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका. शहरांत सणासुदीच्या आणि निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७व्या कलमाखाली मनाई हुकूम निघतात, तेव्हा सार्वजनिक जागी हत्यार बाळगता येत नाही. मित्राला दाखवायला सुरी न्यायची असेल तर ती कापडात गुंडाळून, खोक्यात घालून, पिशवीच्या तळाशी न्या. पुण्यात कोयता गुन्ह्यांच्या ज्या बातम्यांत येतो त्या पाहता, ‘साहेब, मी छंद म्हणून करतो’ हे उत्तर नाक्यावर ऐकून घेतलं जाईल अशी आशा ठेवू नका.

पोलाद कुठलं घ्यायचं

यात काटकसर नको. पहिल्या सुरीसाठी डाय-स्टील विकणाऱ्या दुकानातून ओएचएनएस नावाची पट्टी घ्या. यात सुमारे ०.९ टक्के कार्बन असतो, जोडीला थोडं मँगनीज, क्रोमियम आणि टंगस्टन. परदेशातल्या पुस्तकांत ज्याला ओ-१ म्हणतात ते हेच. ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात बुडवलं की ते कडक होतं, फारसं वाकत नाही आणि छोट्यामोठ्या चुका पोटात घालतं. दुकानदार मोठी पट्टी घ्यायला सांगेल. ३ मिलिमीटरची, दोन वीत लांब पट्टी पुरते.

दुसरा पर्याय ईएन-३१. हे बॉल-बेअरिंगचं पोलाद, कार्बन १ टक्का आणि क्रोमियम दीड टक्का. याची धार अप्रतिम होते, पण ठरावीक तापमानावर ते बराच वेळ स्थिर धरावं लागतं, आणि कोळशाच्या भट्टीत नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने ते साधणं कठीण. ते तिसऱ्या-चौथ्या सुरीला ठेवा.

तिसरा पर्याय सगळ्यांच्या ओळखीचा, ट्रकचा पाटा. गावोगावचे लोहार कोयते करतात ते याचेच, आणि ‘पाट्याचा कोयता’ म्हटलं की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त मोजतं ते उगीच नाही. पाट्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, त्यामुळे तो चिवट. झाडाच्या फांदीवर किंवा उसावर आपटला तरी धार तुटत नाही. पण पातळ सुरीला चिवटपणापेक्षा कडकपणा जास्त लागतो, म्हणून पाट्याची सुरी लवकर बोथट होते. शिवाय लाखो खड्डे खाल्लेल्या जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात आणि त्या नेमक्या पाणी देताना, म्हणजे लाल तापवून तेलात बुडवताना, उघड्या पडतात. पाटा घ्यायचाच असेल तर न वापरलेला घ्या.

भंगारात जाण्याचा मोह प्रत्येकाला होतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या दारूखान्यात फेरफटका मारावा, मजा येते. पण तिथल्या लोखंडाची जात कोणी सांगू शकत नाही. बांधकामाची सळई, ग्रिलची पट्टी, अँगल यांत कार्बन इतका कमी असतो की कितीही पाणी द्या, ते कडक होत नाही. जुनी कानस चांगली, पण तिचे दात पूर्ण घासून काढावे लागतात. दाताची एक खाच राहिली तरी चीर तिथूनच सुरू होते. गॅल्व्हनाइज केलेलं काहीही भट्टीत घालू नका. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. मोठ्या यांत्रिक करवतीचं जुनं पातं मिळालं आणि ते अख्खं हाय-स्पीड स्टीलचं असलं, तर त्याला भट्टी दाखवायची गरजच नाही. ते आधीच कडक असतं. जपून, पाण्यात बुडवत घासलं की सुरी तयार. खाटकाच्या आणि कोळणीच्या हातातल्या कितीतरी सुऱ्या अशाच जन्माला आलेल्या असतात.

अनोळखी पोलाद ओळखायची एक जुनी रीत आहे. ग्राइंडरवर धरून ठिणग्या पाहायच्या. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि मोजक्या. कार्बन जास्त असेल तर ठिणगीला फाटे फुटतात आणि टोकाशी फुलबाजी उडते. शेजारी एक चांगली कानस ठेवून दोन्हींची तुलना करा. तरीही शेवटचा शब्द मोडून पाहण्याचाच. बोटभर तुकडा लाल तापवून तेलात बुडवा, व्हाइसमध्ये धरा, वर जाड फडकं टाका आणि हातोडा घाला. कडक झाला असेल तर काचेसारखा तुटेल. आता तुटलेली कड उन्हात पाहा. राखाडी आणि मखमली दिसली तर उत्तम. रवाळ, चमचमती दिसली तर तुम्ही फार तापवलं होतं, आणि सुरीच्या वेळी हात आवरायचा आहे.

भट्टीत घडवायची की कानशीने काढायची

हौशी मंडळींत यावरून बराच वाद चालतो. भट्टीत तापवून ऐरणीवर ठोकलेलीच सुरी अस्सल, बाकीच्या सगळ्या कारखान्याच्या, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पोलादाला हा फरक कळत नाही. पट्टी कापून, घासून सुरी काढायची पद्धत अमेरिकेत बॉब लव्हलेस यांनी नावारूपाला आणली आणि त्यांच्या सुऱ्या आज संग्राहक जपून ठेवतात. पहिली सुरी कानशीनेच काढा. कारण साधं आहे: ठोकण्यात एक डझन चुकांना जागा असते, त्यातच पाणी देण्याच्या चुका मिसळल्या की नेमकं काय बिघडलं ते कळतच नाही.

सामान फार लागत नाही. भक्कम व्हाइस, हॅकसॉ, एक मोठी भरड कानस, एक बारीक कानस, ड्रिल आणि पॉलिश पेपर. पुठ्ठ्यावर सुरीचा आकार काढा, कापून हातात धरून पाहा, पोळपाटावर मिरची चिरल्यासारखं करून पाहा. बोटांच्या पेरांना पोळपाट लागत असेल तर पात्याची रुंदी वाढवा. आकार मनासारखा झाला की पट्टीवर उतरवा, कापा आणि कड साफ करा. धारेच्या कडेवर मार्करने रंग लावून तिच्या बरोब्बर मधोमध दोन समांतर रेघा ओढा, एकमेकींपासून साधारण १ मिलिमीटरवर. दोन्ही बाजूंनी उतार घासत याच रेघांपर्यंत यायचं आणि थांबायचं. पाणी देण्याआधी धारेची कड १ मिलिमीटरच्या आत नेऊ नका. पातळ कड तेलात गेली की झालरीसारखी वाकते, नाहीतर तडकते.

दोन गोष्टी याच टप्प्यावर उरकायच्या असतात. मुठीच्या खिळ्यांची भोकं आत्ताच पाडा, नंतर ड्रिलचा बिट त्या पोलादावर नुसता घसरेल. आणि पातं जिथे मुठीत शिरतं तिथे काटकोनी खाच ठेवू नका, गोल कानशीने तिथे वळण द्या. पोलादातला ताण नेमका अशा कोपऱ्यात साचतो. पाणी देताना किंवा वर्षभराने नारळाच्या कवटीत अडकल्यावर सुरी तुटते ती तिथेच.

ठोकायचा मोह आवरतच नसेल तर आधी एखाद्या लोहाराच्या भट्टीशेजारी बसा. रस्त्याकडेला पाल टाकून खुरपी, विळे, कुऱ्हाडी शेवटणारे घिसाडी अजून दिसतात. बायकाही तितक्याच ताकदीने घण घालतात. त्यांना चहा पाजा, कामाचे पैसे द्या आणि प्रश्न कमी विचारून नजर त्यांच्या हातांवर ठेवा. हातोडा किती उंच उचलतात, लोखंड केव्हा परत भट्टीत टाकतात, हे पाहूनच समजतं. ठोकायला सुरुवात करायची ती पोलाद नारिंगी-पिवळं असताना, आणि मंद लाल झालं की थांबायचं. थंड पोलादावर घातलेला घाव चीर पाडतो. एक बाजू पातळ केली की ती लांबते आणि पातं पाठीकडे वळून केळं होतं. म्हणून अनुभवी हात आधी पट्टी उलट, म्हणजे विळ्याच्या दिशेने वाकवून घेतात. धारेकडचा उतार ठोकता ठोकता ती आपोआप सरळ होते.

ऐरण म्हणून रुळाचा तुकडा शोधत फिरू नका. रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६चा स्वतंत्र कायदा आहे, आणि भंगारवाल्याने पावती दिली नाही तर सिद्ध करायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते. फॅब्रिकेशनच्या दुकानातला जाड लोखंडी ठोकळा लाकडाच्या ओंडक्यावर पक्का बसवला की भरपूर झालं.

पाणी देणं

सुरीची किंमत इथे ठरते. बाकी सगळं सुतारकाम आहे.

सहनिवासाच्या गॅलरीत कानस चालवा, कोणी फार तर आवाजाची तक्रार करेल. पण भट्टी आणि तेल तिथे नको. मोकळं आवार हवं. कोळशाचा धूर साचेल अशा बंद खोलीतही नको, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लोणारी कोळसा, भट्टीच्या विटांचा छोटा हौद आणि हवा मारायला ब्लोअर एवढ्यात काम होतं. गॅसची भट्टी केली तर व्यावसायिक सिलिंडर घ्या, घरचा १४.२ किलोचा सिलिंडर या कामाला वापरणं नियमाबाहेर आहे. आतल्या सिरॅमिक लोकरीवर भट्टी-सिमेंटचा लेप द्या, तिचे तंतू फुप्फुसात जाता कामा नयेत.

कोळशात पातं सगळीकडे सारखं तापत नाही. टोक भडकतं आणि मूठ काळीच राहते. त्यावर युक्ती अशी की एका बाजूने बंद केलेला साधा लोखंडी पाइप कोळशात गाडायचा आणि पातं त्या पाइपात सरकवायचं. पाइप लालबुंद झाला की आतलं पातं हळूहळू, एकसारखं तापतं आणि डोळ्यांना नीट दिसतं. पाइपावर जस्ताचा मुलामा नाही ना, तेवढं आधी पाहा.

पातं ठोकून घडवलेलं असेल तर आधी तीनदा नॉर्मलाइज करा: लाल तापवायचं, बाहेर काढून हवेत काळं होईपर्यंत धरायचं, पुन्हा तापवायचं. दर खेपेला तापमान थोडं कमी. यामुळे आतले कण बारीक होतात आणि ठोकण्याने साचलेला ताण सुटतो. नवी पट्टी घासून काढली असेल तर हे टाळलं तरी चालतं.

वेळ सांजेची निवडा. उन्हात पोलादाचा रंग फसवतो. भर दुपारी जे मंद लाल वाटतं ते सावलीत भडक नारिंगी निघतं. तारेला एक लोहचुंबक बांधून हाताशी ठेवा. ७७० अंशांच्या सुमारास पोलादाची चुंबकाला चिकटण्याची ओढ संपते. पण नुसत्या चुंबकावर विसंबू नका, पात्याकडे बघा. ते लाल होत जातं आणि मग एका क्षणी लाल पृष्ठावर काळसर सावल्या फिरू लागतात, धुरासारख्या, जाड भागाकडे सरकत. आत पोलादाची रचना बदलते आहे आणि ती बदलताना उष्णता शोषून घेते आहे, म्हणून तो भाग क्षणभर मंद दिसतो. सावल्या पाठीकडे जाऊन विरल्या, पातं पुन्हा एकसारखं उजळलं, की तापमान गाठलं. एकदा पातं बाहेर काढून गार होऊ द्या आणि उलटी गंमत पाहा: काळवंडत चाललेल्या पात्यावर अचानक उजेडाची लहर जाते. हे दोन्ही दोनचारदा नजरेखालून घालून मगच खरं पाणी द्या. ओएचएनएस सावल्या विरल्यावर थोडं वर नेऊन काही मिनिटं त्याच रंगावर धरावं. रंग वाढू लागला तर हवा कमी करा.

तेल आधीच तयार हवं. निदान ४ लिटर, उभ्या लोखंडी डब्यात, झाकणासकट. प्लास्टिकचा डबा चालणार नाही, हे सांगावं लागतं. खास क्वेंचिंग ऑइल मिळालं तर उत्तम, नाहीतर शेंगदाण्याचं तेल चालतं. गाडीचं जळकं इंजिन ऑइल वापरू नका. त्याचा धूर विषारी असतो आणि तो स्वयंपाकघरातल्या वस्तूला कशाला लावायचा? तेल ५०-६० अंश गरम करून घ्या. गार तेल घट्ट असतं, ते पात्याभोवती पुरेसं हलत नाही आणि उष्णता हळू ओढतं; कोमट तेल पातळ असल्याने पातं लवकर गार होतं. पाणी मात्र ओएचएनएसला नको, ताडकन चीर जाते.

सांडशीत पातं धरा, भट्टीतून काढल्यापासून दोन सेकंदांच्या आत टोकाकडून सरळ तेलात न्या आणि कापल्यासारखं पुढे-मागे हलवा. आडवं हलवलं तर एक बाजू आधी गार होऊन पातं वाकतं. तेल भडकलं तर पातं पूर्ण आत बुडवा आणि झाकण घाला. जळत्या तेलावर पाणी कधीही नाही. वाळूची बादली आणि अग्निशामक नळकांडं हाताच्या अंतरावर असू द्या, सुती कपडे घाला, पायात बूट घाला, आणि त्या संध्याकाळी मुलांना प्रेक्षक म्हणून बोलावू नका.

धूर थांबला की पातं बाहेर काढून डोळ्यांसमोर धरा. वाकलं असेल तर जाड हातमोजे घालून लगेच सरळ करा. पूर्ण गार होण्याआधीचा अर्धा-एक मिनिट ते ऐकतं, नंतर तुटतं. मग कडेवर कानस फिरवा. काचेवरून जावी तशी कानस सरकली तर कडक झालं. खरवडली गेली तर तापमान कमी पडलं, पुन्हा तापवा.

या अवस्थेत पातं इतकं ठिसूळ असतं की फरशीवर पडलं तर दोन तुकडे. त्याच दिवशी त्याला टेंपर करायला हवं. पातं पुसून, घासून चकचकीत करा आणि ओटीजीत २०० अंशांवर दोन तास ठेवा; गार करा; पुन्हा दोन तास. ओटीजीच्या चकतीवरचा आकडा आणि आतलं तापमान यांचा संबंध कमीच असतो, म्हणून स्वतंत्र ओव्हन-थर्मामीटर आत ठेवा आणि पातं वाळूने भरलेल्या ताटलीत पुरा, म्हणजे काट्याचे चढउतार पात्यापर्यंत पोहोचत नाहीत. बाहेर काढल्यावर चकचकीत भागावर गव्हाच्या काडीचा फिका पिवळा रंग दिसला पाहिजे. गडद तपकिरी म्हणजे २४०च्या पुढे, जांभळा त्याहून वर, आणि निळा झाला तर स्प्रिंग झाली, सुरी नव्हे.

गावच्या लोहाराकडे ओटीजी नसतो आणि तरी त्याची छिन्नी टिकते. तो फक्त धारेकडचा बोटभर भाग पाण्यात बुडवतो, बाहेर काढून विटेच्या तुकड्याने झर्रकन घासतो, आणि मागच्या तापलेल्या भागातली उष्णता पुढे येताना त्या उजळ पट्ट्यावर रंग कसे सरकतात ते बघत राहतो. पिवळा, तपकिरी, जांभळा. हवा तो रंग धारेवर आला की पूर्ण बुडवतो. पाणी आणि टेंपर एकाच फेऱ्यात. जाड छिन्नीला, टिकावाला हे शोभतं. पातळ सुरीत मागे उष्णता साठवायला जागाच नसते, त्यामुळे तिथे ही नक्कल करू नका.

हे सगळं झेपणार नसेल तर लाज वाटण्याचं कारण नाही. पिंपरी-चिंचवड, नाशिक, कोल्हापूरच्या औद्योगिक पट्ट्यांत हीट ट्रीटमेंट करणारे आहेत. पोलादाची जात आणि हवी ती कडकता लिहून द्या, ओएचएनएसच्या सुरीला रॉकवेल ५९ ते ६१. एका सुरीसाठी भट्टी पेटवायला ते कुरकुरतील, त्यांच्याच मालाच्या एखाद्या फेरीत घालायला सांगा. स्टेनलेसची सुरी करायची असेल तर हाच एक रस्ता; त्याला हजार अंशांच्या वर नेमकं नियंत्रण लागतं.

पातळ करणं

आता पातं अंतिम जाडीला आणायचं. कानस चालणार नाही; अपघर्षक पट्टा, नाहीतर दगड आणि वॉटर पेपर. बेल्ट ग्राइंडर वापरत असाल तर हातमोजे काढा. उघड्या बोटांना पातं तापलेलं लगेच कळतं आणि मोज्याचा धागा पट्ट्यात अडकून हात ओढला जाण्याची भीती राहत नाही. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी, मोकळे केस, सगळं बांधून ठेवा. डोळ्यांवर गॉगल आणि तोंडाला चांगला मास्क हवा. पोलादाची आणि लाकडाची धूळ रुमालाने अडत नाही. दर एक-दोन फेऱ्यांनंतर पातं पाण्यात बुडवा. धारेवर निळी झाक आली म्हणजे तिथलं पाणी उतरलं. तो भाग पूर्ण घासून काढण्यावाचून इलाज नाही.

किती पातळ? धार लावण्याआधी कड ०.२ ते ०.३ मिलिमीटर. ५०० रुपयांच्या आसपास डिजिटल व्हर्निअर मिळतो, त्याने मोजा, डोळ्यांवर जाऊ नका. ही कड इतकी बारीक असते की नखावर दाबली तर किंचित लवते, आणि नवशिक्या इथेच घाबरून थांबतो. घाबरू नका, त्यासाठी पितळी सळीची चाचणी आहे. साधारण ६ मिलिमीटरची पितळी सळी व्हाइसमध्ये आडवी धरा, धार तिच्यावर टेकवून थोड्या कोनात दाबत ओढा. उजेडात पाहिलं तर कड सळीवरून जाताना लवते. पुढे गेल्यावर परत सरळ झाली तर सगळं जमलं. वाकलेलीच राहिली तर पातं मऊ आहे किंवा फार पातळ झालंय. टवका उडाला तर ठिसूळ आहे, ओटीजीत दहा-पंधरा अंश वाढवून पुन्हा टेंपर करा.

अमेरिकेतल्या बिल मोरन यांनी काही जणांना घेऊन १९७६ मध्ये सुरी घडवणाऱ्यांची संस्था काढली. तिच्या परीक्षेत एकाच पात्याने लोंबता दोर एका घावात कापायचा, लाकडी फळी दोनदा तोडायची, त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे आणि शेवटी पातं व्हाइसमध्ये धरून ९० अंश वाकवायचं. वाकवल्यावर पातं वाया जातं, हे परीक्षार्थ्याला आधीच ठाऊक असतं. तुमच्या सुरीला एवढ्या कसोटीची गरज नाही. टोमॅटो, पाव आणि कोथिंबिरीची जुडी पुरेत. कोथिंबीर चिरल्यावर पोळपाट हिरवा झाला तर धार चिरत नाही, चेंगरते आहे.

मूठ

मुठीला शिसव, बाभूळ, खैर, चिंच यांपैकी जुनं, वाळलेलं लाकूड घ्या. ओल्या लाकडाची मूठ एप्रिलमध्ये आक्रसते, खिळे वर येतात आणि जुलैत पुन्हा फुगते. सागवान सुंदर दिसतो, पण त्याच्यातलं तेल गोंदाला धरू देत नाही. चिकटवण्याआधी ॲसिटोनने दोनदा पुसा. सांबराच्या शिंगाची मूठ करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर नमस्कार करून पुढे जा. गळून पडलेलं शिंग असलं तरी त्याचा व्यापार वन्यजीव संरक्षण अधिनियमात बसत नाही.

दोन फळ्या, दोन पितळी खिळे आणि सावकाश वाळणारं इपॉक्सी. पाच मिनिटांत वाळणारं घेऊ नका, ते ओलाव्यात लवकर सुटतं. शिकंजा इतका आवळू नका की सगळं इपॉक्सी बाहेर येईल. पात्याकडची फळ्यांची टोकं चिकटवण्याआधीच घासून पॉलिश करा, नंतर तिथे हात पोहोचत नाही. आकार देताना मधेमधे डोळे मिटून मूठ धरा. जिथे बोचते तिथे घासा. जवसाचं तेल दोन-तीन हात लावा. त्या तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल उष्णता सोडतं आणि चुरगाळलेली चिंधी आपोआप पेट घेते. दोरीवर पसरून वाळवा, मगच टाका.

धार आणि पुढची निगा

धार शेवटी, दगडावर, दर बाजूला १५ अंशांच्या आसपास. आधी ४०० नंबर, मग १०००. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला टोकापासून मुठीपर्यंत बोटाला बर, म्हणजे उलटलेली खरखरीत कड, जाणवेपर्यंत. मग बाजू बदला. बर जिथे जाणवत नाही तिथे धार अजून लागलेलीच नाही, दगड कितीही घासलात तरी. शेवटी कातडी पट्ट्यावर बर मोडून काढा.

ओएचएनएस स्टेनलेस नाही. लिंबू, चिंच, कांदा लागला की पातं निळसर-राखाडी होतं. तो रंग राहू द्या, गंज मात्र नारिंगी असतो आणि तो खातो. वापरून झाली की धुऊन लगेच पुसा, सिंकमध्ये लोळत ठेवू नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवा. चामड्याचं म्यान हौसेने केलं असेल तर ते दाखवण्यापुरतंच; जून ते सप्टेंबर सुरी त्यात ठेवली तर चामडं ओलावा धरून ठेवतं आणि पात्यावर म्यानाच्या शिवणीचा नकाशा गंजाने उमटतो. लाकडी फळीवर चुंबक बसवून सुरी भिंतीवर उघडी टांगा, ओट्यापासून आणि लहान मुलांच्या हातापासून उंच.